एल्डन टिब्जचे साडेचौदा इंच

एल्डन टिब्जशी वाद घालायचा असला की आमच्या गावात लोक आधी त्याच्या टोपीकडे बघत. टोपी डोक्यावर असली तर ठीक. टोपी काढून गुडघ्यावर आपटली, की समजायचं, आता हा बाबा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. चाळीस वर्षं तेलाच्या नळांना वेल्डिंग करून त्याचे हात पोळले होते, कान निम्मे गेले होते आणि स्वभाव तर पुरताच गेला होता. पण जोड असा मारायचा, की बेकर्सफील्डपासून डोंगरापर्यंतची माणसं नुसतं बोट फिरवून सांगायची, "हा टिब्जचा."

तरुणपणी त्याच्याकडे एक गलोल होती. गलोल म्हणजे शर्यतीची ती जुनी लांबुडकी गाडी. पुढे सायकलीसारखी दोन चाकं, मध्ये उघडंनागडं इंजिन, मागे दोन जाडजूड टायर, आणि त्या टायरांच्याही मागे, गलोलीच्या चामड्यात दगड बसावा तसा चालक. इंजिन तोंडासमोर, म्हणजे ते फुटलं तर फुटलेलं सगळं आपल्याच मांडीवर. पाव मैल सरळ जायचं, मागची पॅराशूटची छत्री उघडून थांबायचं, संपलं. वळण नाही, चढ नाही, काही नाही. एवढ्यासाठी चांगली शहाणीसुरती माणसं आठवडाभर मरमर करत.

या गाडीला आपलं आपण सुरू होता येत नसे. मागून दुसऱ्या गाडीने रेटायचं, वेग आला की चालकाने क्लच सोडायचा, तेलाचा काटा वर सरकला की स्विच टाकायचा, आणि मग कानठळ्या. एल्डनला रेटायचं काम त्याच्या बायकोचं, लोरीनचं. त्यांच्या जुन्या स्टेशन वॅगनने ती त्याला रेटायची आणि तो सुटला की बाजूच्या रस्त्याने शर्यतीच्या पट्टीच्या पार टोकाला जायची, त्याला ओढून आणायला. तिथे हे महाशय टायरवर बसलेले, हेल्मेट मांडीवर. आणि दर वेळी एकच वाक्य, "कुठे राहिली होतीस?"

पाच वर्षं, दर रविवारी. एल्डनला हा फार मोठा विनोद वाटायचा. लोरीन दोर बांधायची.

पुढे मुलगी झाली, गाडी विकली गेली. लोरीनने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एल्डनने एकतीस वर्षं विकलेल्या गाडीच्या गोष्टी सांगितल्या. निवृत्त झाला त्याच आठवड्यात त्याने गॅरेजमधून लोरीनचं कपडे धुण्याचं यंत्र बाहेर ओढलं आणि जमिनीवर खडूने एक लांब रेघ मारली. तीच गाडी पुन्हा करायची. तशीच, नळीला नळी. हत्यारांच्या जुन्या पेटीच्या झाकणावर आतून त्याने बावीस वर्षांचा असताना स्वतःची मापं पेन्सिलीने लिहून ठेवली होती. पायाची लांबी, खांद्याची रुंदी, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बसायच्या जागेची रुंदी: साडेचौदा इंच.

आता अशी गाडी करायची, तर आत कुणीतरी बसलेलं लागतं. नळ्या माणसाच्या भोवतीने वाकवायच्या असतात. हात कुठे पोचतो, गुडघा कुठे येतो, हे बघत बघत वेल्डिंगचे टाके मारायचे. एल्डन एकटाच, तो आत बसला तर टाके कोण मारणार? त्याने लोरीनला स्वयंपाकघरातून बोलावलं आणि तिच्या कमरेमागे आडवा टेप धरला.

"साडेचौदा!" तो ओरडला. "बघ! आपण दोघं एका मापाचे!"

"होतो," लोरीन म्हणाली.

पण ते त्याच्या निम्म्या कानांपर्यंत पोचलं नाही.

तर नऊ हिवाळे लोरीन त्या सांगाड्यात बसली. अंगावर ओली घोंगडी, तोंडावर वेल्डिंगची काच, मांडीवर वाटाण्याची परडी. वरून ठिणग्या पडायच्या, खाली ही शेंगा सोलायची. "डावा हात पुढे कर. हलू नकोस. छत्रीचा दांडा हाताला येतो का?" "येतो." "ब्रेक?" "जरा लांब आहे." की एल्डन ब्रेक दोन बोटं जवळ आणायचा. स्वतः मात्र तो एकदाही आत बसला नाही. त्याची शपथ होती: शेवटचा रंग वाळेपर्यंत बसायचं नाही, अपशकुन होतो. शर्यतवाले लोक असल्या बाबतीत फार हळवे. भुईमुगाच्या शेंगा तर त्यांच्यात महाअपशकुनी; कुणी त्या घेऊन गॅरेजमध्ये शिरला, तर एल्डन हातातला पाना उगारून त्याला बाहेर काढायचा. वाटाण्याच्या शेंगांना त्याची हरकत नव्हती. त्याने त्यावर बराच विचार केला होता.

सप्टेंबरात चेरीसारखा लाल रंग वाळला. तपासनीस रॉस्को बिलिंग्ज येऊन प्रत्येक जोड बघून गेला आणि सांगाड्यावर मंजुरीची चिकटपट्टी लावून गेला. "एक नळी जरी कापलीत," तो म्हणाला, "तरी ही पट्टी रद्द. मग मी वसंतातच येणार." एल्डन हसला. कापायचंय कशाला? तीन आठवड्यांवर जुन्या शर्यतगाड्यांचा मेळावा होता, आणि हा मेळावा चुकवून चालणार नव्हतं. पट्टीच्या मालकाने जाहीरच केलं होतं, यानंतर गाड्या रेटायचा जुना रस्ता उखडून तिथे बदामाची झाडं लावायची. गाडी रेटून सुरू करायची ही शेवटची संधी. नऊ वर्षं एल्डन ज्याची वाट बघत होता, ते याच ऑक्टोबरात, नाहीतर कधीच नाही.

शनिवारी सकाळी तो शर्यतीचा जाड पोशाख चढवून आत उतरला. म्हणजे उतरू लागला. मांड्यांपर्यंत गेला आणि थांबला.

"रंग अजून ओला असेल," तो म्हणाला.

"रंगाचा काय संबंध?" हर्शल प्रुइट म्हणाला. हर्शल हा त्याचा शेजारी, जुना प्रतिस्पर्धी आणि गेल्या पन्नास वर्षांचा डोक्याला ताप. अंगाने काडी.

एल्डनने श्वास सोडला आणि जोर केला. कुठेतरी काहीतरी खचकन बसलं. तो आत गेला होता. अडचण एवढीच, की आता तो बाहेर येईना. डावा हात छत्रीच्या दांड्याखाली, गुडघे हनुवटीपाशी, पोट दोन नळ्यांमध्ये आवळलेलं. लोरीनने भांडी घासायचा साबण ओतला. हर्शलने इंजिन उचलायची साखळी आणून त्याच्या काखांतून ओवली आणि हसून हसून त्याला साखळी ओढता येईना.

"हसतोस काय, मेल्या! ओढ!"

"ओढतो रे बाबा. इंजिनाचं वजन तुझ्यापेक्षा कमी होतं, एवढंच म्हणतोय."

तो हवेत लटकला तेव्हा साबण त्याच्या बुटांतून नव्या रंगावर ठिबकत होता. जमिनीवर टेकल्यावर त्याने टोपी काढली, पण आपटली नाही. नुसती हातात धरून उभा राहिला. ते बघून हर्शलचं हसू थांबलं.

मग सुरू झालं कोबीचं सूप. सकाळी कोबी, दुपारी कोबी. दहा दिवसांत एल्डन चार पौंड उतरला, सगळे तोंडावरून. बसायची जागा होती तेवढीच राहिली. त्याने करवत काढली, रॉस्कोची पट्टी बघितली, करवत परत ठेवली. हर्शल रोज येऊन गाडीभोवती चक्कर मारायचा आणि सहज बोलल्यासारखं करायचा, "मी आपला अजून तेवढाच आहे हं, अठ्ठावीसची कंबर."

"सदुसष्ट साली तू उसन्या गाडीचा क्लच जाळलास."

"सेहेचाळीस वर्षं झाली त्याला!"

"वास अजून येतो मला. ही गाडी इथेच सडू दे, पण तू नाही."

लोरीन पलीकडे टोमॅटो बरण्यांत भरत होती. हात पुसत ती म्हणाली, "मी बसते."

दोघे तिच्याकडे वळले.

"काहीतरीच काय," एल्डन म्हणाला.

"नऊ वर्षं मीच बसलेय तिच्यात. तू कुणासाठी शिवलीस ती गाडी, तुला तरी माहितीये का? क्लच माझ्या पायाला, ब्रेक आणि छत्री माझ्या हाताला, हेल्मेटची जागा माझ्या डोक्याला. घातलास कधी स्वतःचा एक पाय तरी?"

हर्शलने आधी गाडीकडे बघितलं, मग लोरीनकडे, आणि तो उलट्या बादलीवर बसला. "अरे देवा," तो म्हणाला. "खरंच की. बायकोचा झगाच शिवलास तू, एल्डन."

यावर मात्र टोपी आपटली गेली. "नाही म्हणजे नाही! ताशी एकशे साठ मैलांनी जाते ती! इंजिन फुटलं म्हणजे? उलटली म्हणजे? तुला काही झालं तर मी काय करायचं?"

"मग मी त्या वॅगनमध्ये बसून पाच वर्षं काय करत होते, असं वाटतं तुला?"

एल्डनने खरोखर आठवून बघितलं. "मला वाटायचं, रेडिओ ऐकतेस."

"वॅगनला रेडिओ नव्हता," लोरीन म्हणाली आणि आत गेली.

दोन दिवस एल्डन गॅरेजमध्येच जेवला. तिसऱ्या दिवशी एल्डनने स्वयंपाकघराच्या टेबलावर आपलं हेल्मेट आणून ठेवलं, आत फडकं कोंबून. "तुझं डोकं लहान आहे," तो भिंतीकडे बघून म्हणाला. ही त्याची माफी. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती, लोरीनला ती ओळखता यायची.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी नवख्या चालकांची परीक्षा. डोळ्यांवर पट्टी बांधून आत बसायचं आणि रॉस्को जे म्हणेल त्याला पटकन हात लावायचा.

"ब्रेक."

लागला.

"छत्री. इंधन बंद करायचा खटका. आग विझवायचा दांडा."

लागले, लागले, लागले. मधल्या वेळात लोरीनची बोटं सवयीने मांडीवर शेंगा सोलत होती.

"बाई, तुम्ही याआधी कुठे शर्यतीत होता?" रॉस्कोने विचारलं.

"गॅरेजमध्ये," ती म्हणाली. "आणि हे बघा, या दांड्याखालचा नट एल्डनने अर्धाच आवळला, मग त्याला फोन आला, मग तो विसरला. पुढे मीही वाटाण्यांच्या नादात विसरले."

रॉस्कोने बोट लावलं. नट फिरला. सगळ्यांनी एल्डनकडे बघितलं. एल्डनने आभाळाकडे बघितलं, मग खाली वाकून तो नट आवळला.

दुपारी तिला अर्ध्या पट्टीच्या दोन फेऱ्या करायच्या होत्या; रेटायला रॉस्कोचीच गाडी होती. पहिल्या फेरीला ती रेषेपाशी आली, हिरवा दिवा लागला आणि लोरीनने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं, आणि मग गाडी सोडली. "रेल्वेचं फाटक आहे का गं तिथे?" हर्शल कठड्यावरून ओरडला. एकतीस वर्षं दर फाटकाशी शाळेची बस थांबवून दोन्हीकडे बघायची सवय. अंगातून जाणार कशी? पण गाडी सुतासारखी सरळ गेली, दुसऱ्यांदाही गेली, आणि रॉस्कोने कागदावर सही केली.

शनिवारी, उन्हात, एल्डन आयुष्यात पहिल्यांदा रेटणाऱ्या गाडीत बसला. हर्शलची जुनी स्टेशन वॅगन, पुढे लाकडी फळी बांधलेली. फळी गलोलीला टेकली. समोर काचेतून दिसत होतं एवढंच: हेल्मेटची मागची बाजू, आणि खाली गळपट्टीतून निसटलेले दोन पांढरे केस.

त्याने वेग दिला. तीस. पस्तीस. चाळीसला तिने क्लच सोडला, वॅगनला हिसका बसला, आठही नळ्यांतून पांढरा धूर आला. एल्डन मोठमोठ्याने ओरडत होता, "तेल बघ! तेलाचा काटा बघ!" ऐकणारं कुणी नव्हतं. मग तिने स्विच टाकला. काचा थरथरल्या, त्याचे दात थरथरले, आणि ते हेल्मेट त्याच्यापासून दूर गेलं.

ती वळून रेषेपाशी आली. हिरवा दिवा. या वेळी तिने कुठेही पाहिलं नाही.

धुळीत आणि धुरात गाडी गेली ती गेलीच. एल्डनला फक्त आवाज ऐकू येत होता, चढत जाणारा, आणि मग तो आवाज एकदम तुटला. पट्टी संपल्यावर चालक इंजिन बंद करतो, तेव्हा तो तुटतोच. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? शेकडो वेळा त्याने स्वतःच्या हाताने तो बंद केला होता. पण आत बसून कधी कळलं नव्हतं, की मागे राहिलेल्या माणसाला ते कसं ऐकू येतं. छत्री दिसेना. धूळ बसेना. त्याच्या पायाला पॅडल सापडेना. बाजूच्या रस्त्याने तो निघाला तेव्हा मोठ्याने एकच शब्द म्हणत होता, "लोरीन, लोरीन, लोरीन," आणि एवढा घाबरला होता की वॅगन पहिल्याच गियरमध्ये किंचाळतेय हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

टोकाला गलोल उभी होती. छत्री तिच्या मागे गवतावर पसरली होती. लोरीन टायरवर बसली होती, हेल्मेट मांडीवर, तोंडावर चष्म्याची गोल खूण, आणि आमच्या गावात तिच्या तोंडावर असं हसू कुणी पाहिलं नव्हतं.

"कुठे राहिला होतास?" ती म्हणाली.

एल्डन वॅगनमधून उतरला, दोन पावलं चालला आणि तिथेच डांबरावर बसला. टोपी काढली, तोंडावर धरली. त्याचे खांदे हलत होते. लोरीन उठून आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"दर वेळी?" त्याने टोपीतून विचारलं.

"दर वेळी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू बसला नसतास. आणि तू बसायचास तेव्हा मला फार आवडायचास." तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता ऊठ. दोर बांध."

त्याने दोर हातात घेतला, पण गाठ दोनदा सुटली. शेवटी तिनेच ती बांधली, नेहमीसारखी.

"घरी जाऊ," तो म्हणाला.

"घरी कशाला? रॉस्को म्हणाला, अजून एक फेरी मिळेल." लोरीन हेल्मेट चढवत होती. "तू रेटणार आहेस, की हर्शलला बोलावू?"

एल्डनने टोपी डोक्यावर घातली आणि जाऊन वॅगनमध्ये बसला.