बिनपरवान्याचा कंत्राटदार

"मी शे ना, काढा!" म्हणजे, मी आहे ना. एवढं म्हणून तो स्लॅबखाली जाऊन उभा राहायचा. हात पाठीमागे बांधलेले, मान वर.

नवा स्लॅब टाकला की काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला खालून फळ्यांचा आणि टेकूंचा आधार देऊन ठेवतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. त्याला सेंटरिंग म्हणतात. ते काढायच्या दिवशी शहाणी माणसं लांब सरकतात. आमचा मिस्तरी मात्र शेवटचे टेकू राहिले की नेमका आत शिरायचा. मजूर भीत भीत घाव घालायचे, फळ्या धडाधड खाली यायच्या आणि त्या धुळीतून हा केस झटकत बाहेर यायचा. मग नारळ फुटायचा.

त्याची बायको, आमच्या गल्लीच्या वहिनी, चहाची किटली घेऊन तिथेच असायच्या. पण पाठ करून. तोंड रस्त्याकडे. फळ्यांचा आवाज थांबला की शेजारी जो कोणी असेल त्याला विचारायच्या, "निंघना का?" निघाला म्हटल्यावरच वळायच्या आणि चहा ओतायच्या. पहिला पेला कधीच त्याला नाही. तेवढीच त्यांनी त्याला दिलेली शिक्षा.

मी सुरतेत, नवागामच्या मराठी शाळेत शिकवायचे. शाळेत पाण्याची खोली बांधायला तो आला, तेव्हा त्याचा हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला आणि चांगलीच भडकले. मला राग लवकर येतो, तेव्हाही यायचा. "वेड लागलंय का तुम्हाला? पोरं बघताहेत!" म्हणून मी सगळ्यांसमोर त्याला झापलं.

"बाई, उद्या तुम्हना पोरे याना खाले बठतीन," तो शांतपणे म्हणाला. "पह्यले मी उभा ऱ्हास."

त्याच्या धुळ्याकडच्या गावात विहीर बांधून झाली की बांधणाऱ्या गवंड्यानंच आधी तळाशी उतरून पहिली ओंजळ प्यायची, अशी रीत होती. त्याचा बाप तसा उतरायचा. सुरतेत विहिरी बांधायच्या नव्हत्या, म्हणून यानं ती रीत स्लॅबला लावली. आडमुठेपणाच तो. पण त्याच्या स्लॅबखाली बसताना मी कधी वर पाहिलं नाही, हेही तितकंच खरं.

आता खरी गोष्ट. ती सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सुरतेत जिकडेतिकडे कामं निघाली होती. गटारं, रस्ते, दवाखाने. सरकारी काम घ्यायचं तर कंत्राटदार म्हणून नोंदणी लागते. मिस्तरीकडे ती नव्हती, म्हणून तो एका शेठच्या परवान्यावर कामं करायचा. कामाच्या जागी पाटी शेठच्या नावाची, बिल शेठच्या नावाचं, आणि पहाटेपासून पायाच्या खड्ड्यात उतरलेला हा. शेठ आठवड्यातून एकदा गाडीतून यायचा, काच खाली करून बघायचा आणि जायचा. असे शेठ तुमच्याही गावात असतील.

मिस्तरीला स्वतःचा परवाना हवा होता. सगळ्यात खालच्या वर्गाचा का असेना, पण स्वतःचा. पाटीवर स्वतःचं नाव लागावं, एवढंच. ते नाव कसं लिहायचं हेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. वडिलांच्या नावासकट, आणि गुजरातीत नाही, मराठीत.

मला गुजराती वाचता येतं म्हणून मी त्याच्याबरोबर कचेरीत गेले. कारकून बरा माणूस होता, हसतमुख. त्यानं पहिल्यांदा अनुभवाचा दाखला मागितला.

मिस्तरीनं खिडकीतून बोट दाखवलं. "हाई समोरनं गोदाम मी बांधं. आणि तुम्ही ज्यावरून चढतात ना साहेब, तो जिनाबी."

"ए तो शेठना नामे छे, भाई," कारकून म्हणाला. "तमारा नामे शुं छे?"

म्हणजे बघा. परवाना हवा तर स्वतःच्या नावावरचं काम दाखवा, आणि स्वतःच्या नावावर काम हवं तर आधी परवाना दाखवा. ज्यानं हा नियम लिहिला त्याला आयुष्यात कधी पहिली पायरी चढावी लागली नसणार. मी तसं बोलूनही दाखवलं. कारकून हसला.

मग त्यानं मिलकत विचारली, म्हणजे जमीनजुमला. गावाकडे शेत आहे, म्हणाला हा. "महाराष्ट्रनुं नहीं चाले." मग बँक गॅरंटी, म्हणजे काम बिघडलं तर भरपाईला बँक जामीन आहे असा कागद. तो मी मिस्तरीला समजावून सांगितला.

"आणि स्लॅब पडना ते बँकले कोठे लागी?" त्यानं विचारलं. "त्यापेक्षा मी शे ना. मन्हं डोकं शे."

हे मी कारकुनाला गुजरातीत सांगितलं. तो पोट धरून हसला. "बेन, माथुं फाइलमां केम लगाडुं?" डोकं फायलीत कसं लावू, म्हणे.

मिस्तरीही हसला. मला मात्र त्या टेबलावरचं सगळं भिरकावून द्यावंसं वाटलं.

शेवटी कारकुनानंच एक वाट सांगितली. ज्याच्या परवान्यावर कामं केली त्या शेठनं लिहून दिलं की ही कामं या माणसानं केली, तर अर्ज पुढे सरकेल. मिलकतीचं, बँकेचं मागाहून बघू. अर्ज त्यानं ठेवून घेतला. शेठ म्हणाला, देतो की. दवाखान्याचं काम तेवढं संपव.

हा दवाखाना आमच्या शाळेच्या रस्त्यावरच होता. त्याच्या पुढच्या पडवीचा स्लॅब टाकून झाला आणि नेमकी पावसाळी हवा सुरू झाली. ऊन नाही, काँक्रीट घट्ट व्हायला तयार नाही. आणि शेठला टेकू हवे होते दुसऱ्या कामावर. शिवाय मोठे साहेब पाहणीला येणार होते, त्यांना मोकळी पडवी दाखवायची होती. त्या दिवशी शेठ गाडीतून खाली उतरला. शाळा सुटून मी घरी चालले होते, म्हणून हे मला ऐकायला मिळालं.

"तेरा सर्टिफिकेट टाइप हो गया है," शेठ म्हणाला. "कल साइन कर दूँगा. आज खोल दे."

"आजून कच्चं शे, शेठ."

"तू तो हमेशा नीचे खड़ा रहता है. आज भी खड़ा हो जा."

मिस्तरी स्लॅबकडे बघत राहिला. त्याला काय सोडावं लागणार होतं ते त्याला कळत होतं. मलाही कळत होतं. "मी त्याना खाले उभा ऱ्हावाव नही," तो म्हणाला. "आणि दुसऱ्यालेबी ऱ्हाऊ देवाव नही."

शेठनं पलीकडच्या कामावरून दुसरी टोळी बोलावली. त्या मजुरांना कोण सांगणार? विदर्भातून आलेली ती माणसं, दोन दिवसांपूर्वी शहरात उतरलेली. सांगितलं ते करणार. मिस्तरी त्यांच्या हातातले हातोडे ओढायला गेला, तेव्हा शेठच्या माणसांनी त्याला ढकलून बाहेर काढलं. मग हा रस्त्यावर दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना लांबून जायला लावू लागला. वहिनी किटली घेऊन आल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या इमारतीकडे तोंड करून उभ्या होत्या, कारण नवरा शेजारी होता.

टेकू निघाले आणि पडवी मधोमध वाकली. करकर आवाज झाला, कडेचा एक मोठा तुकडा सुटला आणि एक मजूर फळ्यांखाली अडकला. ओरडत होता बिचारा. शेठची माणसं पळाली. मिस्तरी आत धावला.

तेव्हा वहिनींनी पाठ फिरवली. माझा हात घट्ट धरून त्या विचारत राहिल्या, "निंघना का, बाई? निंघना का?" तो त्या मजुराला काखेत धरून बाहेर आला, तेव्हा मी त्यांना खांद्याला धरून वळवलं. मजुराचा खांदा मोडला होता. जीव वाचला.

त्याच कचेरीत मोठ्या साहेबांसमोर चौकशी झाली. मीही गेले. मिस्तरीला गुजराती नीट समजत नाही, या सबबीवर मला आत घेतलं. साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर शेठ बसला होता आणि मिस्तरी उभा होता. शेठ म्हणाला, पडवीचं काम मी यालाच दिलं होतं. सगळी कामं हाच करतो. साहेब, विचारा कुणालाही.

ऐकलंत? दाखल्यासाठी ज्याच्या तोंडातून हे वाक्य निघत नव्हतं, त्या माणसानं ते त्या दिवशी घडाघडा म्हटलं. आणि ते लिहूनही घेतलं गेलं. मिस्तरीचं नाव त्या कचेरीत कंत्राटदार म्हणून पहिल्यांदा लिहिलं गेलं ते असं.

"दर वेळी तू स्लॅबखाली उभा राहतोस, हे खरं?" साहेबांनी विचारलं.

"खरं शे."

"या वेळी का नाही राहिलास?"

"कच्चं होतं, साहेब."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मी शेठले सांगं ना!"

"लेखी दिलं होतंस?"

मिस्तरीनं माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि बोलले. शेठसमोर, साहेबांसमोर, जे कानांनी ऐकलं होतं ते सगळं बोलले, आणि आवाज चढवून बोलले. साहेब म्हणाले, बेन, तुम्ही समजावून सांगायला आला आहात, साक्ष द्यायला नाही. शिपायानं मला दाराबाहेर नेलं. जिन्यात उभी राहून मी रागानं रडले. मिस्तरीनं बांधलेल्या जिन्यात.

शेठला समज देण्यात आली. पडवी पुन्हा बांधून दे म्हणाले, त्यानं दिली. त्याच्यामागे बँक होती, त्याचा परवाना शाबूत राहिला. मिस्तरीच्या अर्जावर शेरा पडला: निष्काळजी, अपात्र. तो शेरा मीच त्याला वाचून दाखवला. निष्काळजी म्हणजे काय, हे मला त्याला समजावून सांगावं लागलं.

"माले काळजी नही?" एवढंच तो म्हणाला. दोनदा म्हणाला.

त्यानंतर बमरोलीपासून डिंडोलीपर्यंत कुणी त्याला कामावर घेईना. ज्याच्या हातचा स्लॅब वाकला तो हाच, अशी बोलवा झाली होती, आणि ती कुणी उठवली ते सांगायला नको. गावी परत जाण्याच्या दिवशी तो शाळेत आला. पाण्याच्या खोलीत शिरला, हात पाठीमागे बांधून छताखाली उभा राहिला, मान वर केली. मग मला नमस्कार करून गेला. वहिनी सामान घेऊन फाटकाशी थांबल्या होत्या.

पुढे एकदा वहिनींचा निरोप आला की तो गेला. निरोप आणणाऱ्याला मी विचारलं, काय झालं होतं? तो म्हणाला, तसं दुखणं काही नव्हतं, बाई. काम नव्हतं.

त्यानंतर शाळेला नवा वर्ग मंजूर झाला. रीतसर नोंदणी झालेला कंत्राटदार, रीतसर पाटी. सेंटरिंग काढायचा दिवस त्यानं शाळेच्या दिवशीच ठेवला आणि दुपारपासून मुलं आत बसवा म्हणाला. मी माझी मुलं मैदानावरच थांबवली.

"बहनजी, लायसन्स है, बँक गॅरंटी है," तो म्हणाला. "डर किस बात का?"

"डर नहीं है," मी म्हटलं. "खोलते वक्त आप अंदर खड़े रहिए. फिर बच्चे बैठेंगे."

तो हसला. मी हसले नाही. त्यानं एकदा मजुरांकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं. मग "चलो, खोलो," म्हणाला आणि स्वतः फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

मी मुलांना उठवलं आणि पाण्याच्या खोलीत, मिस्तरीच्या स्लॅबखाली, दाटीवाटीनं बसवलं.