मामाची बारीक गरी

नागपूरहून पुसदला मी हौसेनं निघाले नव्हते. मामाच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट साखरेनं काळं पडत चाललं होतं. ते आत्ताच काढलं नाही तर उद्या हात जाईल, असं डॉक्टर म्हणत होते आणि मामा ऐकत नव्हता. फोनवर म्हणाला, "एक डाव गरी लावून पाह्यतो. या बोटानं मासोळी जित्ती लावता आली, तर बोट काटू देत नाही. नाही आली, तर तू म्हणशीन तिथं येतो." गरी म्हणजे गळ, आणि त्यावर आमिष म्हणून छोटी मासोळी जिवंत ओवायची. अट कसली, धमकीच ती.

यवतमाळ, आर्णी, मग महागावहून उजवीकडे पुसद. सकाळी निघालात तर आर्णीत तर्री-पोहे खायला थांबा. मी थांबले, पण चव कळली नाही.

पुसदच्या बाजारात मामा मला घेऊन गळ विकणाऱ्या इक्बालभाईंकडे गेला.

"मरळ धरायची ना? मग जाड घ्या, मामा. बारीक गरी सीधी होऊन जाते."

"जाड गरीनं मासोळी मरते. मेलेली मासोळी मरळ कायले खाईन?"

मामाचं बरोबर होतं. जिवंत आमिष लावणार असाल तर गळ मरळीसारख्या मोठ्या माशाच्या नाही, आमिषाच्या मापाचा घ्या. बारीक तारेचा, टोक तीक्ष्ण. तो मासोळीच्या पाठीवरच्या कातडीतून अलगद ओवायचा, मधल्या काट्याला धक्का लावायचा नाही. एवढा बारीक गळ मामाला त्या बोटानं धरता येणार नाही, हे मला दिसत होतं आणि मला तेच हवं होतं. त्याला हरताना पाहायला मी एवढ्या लांब आले होते. फार वाईट वाटलं.

पुसदजवळच्या धरणावर मासेमारीचा ठेका असतो, आधी विचारून घ्या. आम्ही विचारलं आणि काठावरच्या दगडांवर बसलो. आभाळ भरलेलं, पाणी मातकट. मामानं डब्यातली मासोळी उचलली. डोळे बारीक करून, ओठ चावत, बराच वेळ खटपट केली.

"झाली. पाह्य, कशी जित्ती आहे."

खरंच, मासोळी जोरात वळवळत होती. म्हणजे मामा जिंकला. मामानं गळ पाण्यात सोडायला हात झटकला. दोरी खाली गेली, पण मासोळी त्याच्या हातालाच लटकून तडफडत राहिली. तिच्या पाठीतून निघालेला गळ थेट त्याच्या बोटात रुतला होता.

मामा बघत राहिला.

"मासोळीले कळून राह्यलं," तो म्हणाला. "मले नाही."

त्यानं मासोळी सोडवून पाण्यात सोडली. मग डाव्या हातानं पक्कड घेऊन गळ बोटातून पुढे काढला. तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. मीच हुंदके देत होते.

"रडून कायले राह्यली? चाल, गाडी काढ. नागपूरले."

मरळ काही दिसली नाही. तुम्ही जरूर जा, जागा चांगली आहे. सोबत पक्कड न्या. उरलेले बारीक गळ माझ्या टेबलाच्या खणात आहेत, मला ते बघवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. बोट गेलं, हात वाचला. मामा पुसदला परतला आणि काल त्याचा फोन आला.

"डाव्या हातानं गरी लावून पाह्यली," म्हणाला. "टोचली, पोरी. चांगली टोचली."