मौलमीनची पेटी

चिरूट पेटवण्याआधी सारंगकाका तो कानाशी धरीत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये हलकेच दाबायचे, डोळे मिटायचे आणि लांबून कुणी हाक मारतंय की काय अशा चेहऱ्याने ऐकत राहायचे. कोरडा चिरूट कुरकुरतो, ओला मुका राहतो, आणि नीट मुरलेला किंचित, अगदी किंचित, उसासा टाकतो असं त्यांचं म्हणणं. रत्नागिरीला मांडवीच्या बंदराकडे जाणाऱ्या लोकांना ओटीवर कानाला चिरूट लावून बसलेला हा सत्तरीचा गृहस्थ दिसे आणि ते गालात हसून पुढे जात. मीही त्यांतलाच. पुढे त्याच ओटीवर मी चार वर्षं बसलो, कितीतरी चिरूट कानाशी धरले, पण तो उसासा मला एकदाही ऐकू आला नाही. ऐकू आल्याचं मी त्यांना सांगितलं मात्र पुष्कळदा.

त्यांचं खरं नाव गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. उभा जन्म आगबोटींवर गेला, शेवटची पंधरा वर्षं खलाशांचे मुकादम म्हणजे सारंग होते, म्हणून सारंगकाका. बायको कधीच गेलेली, एकुलती मुलगी मुंबईला परळात दिलेली. घरात ते, एक मांजर आणि रंगूनहून आणलेल्या चिरुटांच्या पेट्या. ब्रह्मदेशच्या राजाला सरकारने आमच्या गावी आणून ठेवलं आणि आमच्या गावचे खलाशी त्याच्या मुलखातला तंबाखू इकडे आणू लागले. बिचाऱ्याला त्यातला एखादा तरी मिळाला असेल का, असं काका कधीकधी मनापासून हळहळत.

मी त्यांच्याकडे गेलो तो अब्रूचा पंचनामा झाल्यावर. एकोणीसशे तिसाच्या आगेमागे मी कचेरीत नवा कारकून होतो. एका साहेबाची बदली झाली आणि जाताना त्याने आम्हा सगळ्यांपुढे सिगारची पेटी फिरवली. शहाण्या मंडळींनी एकेक उचलून खिशात टाकला. मला वाटलं, आपण सुधारलेले आहोत हे दाखवायची हीच वेळ. मी तिथल्या तिथे पेटवला. ओढतोय, ओढतोय, धूर येईना. सिगारचं तोंड बंद असतं आणि ते कापावं लागतं हे मला कोण सांगणार? मी दातांनी तोडायला गेलो तो दोन बोटं लांबीचा तुकडा तोंडात आला. साहेबासमोर थुंकायचं कसं, म्हणून गिळला. उरलेल्या सिगारचा धूर विडीसारखा छातीत भरून घेतला. त्यानंतरचं मला आठवतं ते साहेबाच्या क्रोटनच्या कुंडीशेजारी, त्याचा कुत्रा माझ्याकडे चिंतेने बघत असताना. दुसऱ्या दिवसापासून कचेरीत मी 'सिगाररावसाहेब' झालो. आता ही विद्या पुरती शिकायची आणि एक दिवस या सगळ्यांच्या तोंडावर धूर सोडायचा, असं ठरवून मी सारंगकाकांची ओटी चढलो.

त्यांनी सगळी हकिकत न हसता ऐकून घेतली. मग विचारलं, "विडी ओढतंस?"

मी म्हटलं, कधीमधी.

"मग ती आधी विसर. विडी भूक लागल्यासारखी ओढायची. चिरूट जेवण झाल्यावर गप्पा मारत बसल्यासारखा. धूर पोटात घेतलास तर गेलास. तोंडात घे, जिभेवर फिरव, सोडून दे. पाहुणा आहे तो, घरात राहायला आलेला नाय."

पहिला महिनाभर त्यांनी मला ओढू दिलं नाही, नुसतं निवडायला लावलं. दहा चिरूट पुढ्यात टाकायचे आणि म्हणायचे, यातला तुझा कुठला? मी हटकून सगळ्यात जाड आणि सगळ्यात काळा उचलायचो. काळा तो कडक आणि जाड तो मर्दाचा, हे माझं शास्त्र. काका तो काढून घेत. वरच्या पानाच्या रंगावर जाऊ नको, आतल्या पानाची गोष्ट निराळी असते. नवशिक्याने बोटाएवढा बारीक, मऊ चवीचा घ्यावा. पान बघ, शिरा फार ठसठशीत नकोत. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बोटाने चाचपत ये, मध्ये कुठे खड्डा लागला तर तिथे तो भडकणार, गाठ लागली तर तिथे गुदमरणार. मग नाकाशी, मग कानाशी. एवढं झाल्यावर ते चाकूने टोकाची नुसती टोपी उडवीत. "नख काढायचंय, बोट नाय," असं म्हणून माझ्याकडे बघत, आणि मला तो गिळलेला तुकडा आठवे.

पेटवण्याचीही तऱ्हा होती. कंदिलावर धरलेला चिरूट त्यांना चालत नसे. रॉकेलचा वास शेवटपर्यंत जात नाही म्हणत. काडी ओढायची, तिचं गंधक जळून जाऊ द्यायचं, मग चिरूट तोंडात न धरता ज्योतीच्या वर फिरवत आधी नुसता ऊन करायचा. राख झटकायची नाही, ती आपण होऊन पडेल. दोन झुरक्यांमध्ये उठून मांजराला दूध घालून यावं इतकं थांबायचं. आणि शेवटची दोन बोटं उरली की खाली ठेवून द्यायचा, चिरडायचा नाही. त्याचा तो विझतो. ठेवताना काकांचा हात जरा रेंगाळे, आणि मग ते समुद्राकडे बघत बसत. अशा वेळी बोलायचं नसतं एवढं मला कळू लागलं होतं. बाकी काही कळत होतं असं नाही.

कारण पहिला अख्खा चिरूट मी ओढला तो संकष्टीच्या दिवशी. तंबाखू काही अन्न नव्हे, तेव्हा उपासाला चालतो, असा निकाल मी स्वतःच देऊन टाकला होता. चंद्रोदयाला अवकाश होता, पोटात सकाळच्या साबुदाण्याशिवाय काही नव्हतं. निम्म्यावर आलो आणि ओटी बोटीसारखी हलायला लागली. काकांनी मला झोपवलं, तोंडात गुळाचा खडा कोंबला आणि म्हणाले, देवाने उपास लावून दिला तो तुझ्यासारख्याला ओळखूनच.

चिरुटाच्या बाबतीत ते कुणाची भीड ठेवीत नसत. एकदा गावातल्या एका बड्या वकिलाने मुंबईहून आणलेला सोनेरी पट्ट्याचा सिगार मोठ्या ऐटीने त्यांना दिला. काकांनी दोन झुरके घेतले, तो खाली ठेवला आणि सौम्यपणे म्हणाले, "पट्टा छान आहे." वकीलसाहेब पुन्हा त्या ओटीवर दिसले नाहीत.

एक पेटी मात्र ते कुणापुढे उघडीत नसत. वासाच्या लाकडाची, ब्रह्मदेशातल्या मौलमीन बंदराची, आत वीस चिरूट. काकांच्या बोटीवर सुकाणूवर असायचा तो इसूब, जवळच्या साखरतर गावचा. तीस वर्षं दोघे एकत्र. बोट रंगूनला लागली की संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसायचे, दोघांत एक चिरूट. काका नोकरीतून सुटले तेव्हा दोघांनी मिळून ही पेटी घेतली आणि ठरवलं, इसूबपण कायमचा घरी येईल त्या दिवशी ही उघडायची. पाच वर्षं ती थांबली होती. यंदा पावसाळा सरला की इसूब येणार, असं पत्र आलं होतं, आणि काका त्या वर्षी निराळेच दिसत. येताजाता पेटीवर हात ठेवीत.

नेमका त्याच वैशाखात त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. मुलीने मुंबईला बोलावलं. एकदा बोटी बंद झाल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत परतायची सोय नाही, आणि घर तर पावसाळ्यात गळणारं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी पेटी धोतराच्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. ऊन नको, धग नको, ओल नको. तांदळाच्या कणगीत मधोमध ठेव आणि विसरून जा. "तीन वर्षं शिकलास," ते म्हणाले. "आता नुसता सांभाळ."

मी विसरलो असतो तर बरं होतं. रत्नागिरीचा आषाढ कसा असतो ते सांगायला नको. माझ्या वहाणांना लव फुटली, कचेरीची दप्तरं मऊ पडली, कंबरपट्ट्यावर हिरवं रान उगवलं. मनात आलं, चिरुटांचं काय झालं असेल? पेटी उघडली. सगळ्या चिरुटांवर पांढरी भुकटी. बुरशी! आता आमच्या घरात ओल धरलेल्या वस्तूवर एकच इलाज माहीत. चुलीवर बांबूची ताटी टांगलेली असायची. आमसुलं, बियाणं, सुके बांगडे, जे काही सादळेल ते तिच्यावर चढायचं. मी आईला विचारलं, ती म्हणाली, ठेव की, चार दिवसांत कडकडीत होतील. झाले. असे कडकडीत झाले की हात लावला तर पापडासारखे वाजू लागले. आणि नाकाशी धरला तर मौलमीन कुठच्या कुठे, नुसता बांगडा.

माणसाने इथे थांबावं. पण मला शास्त्र माहीत होतं ना! कोरडं झालंय, म्हणजे वाफ हवी. गणपती जवळ आल्यामुळे मोदकपात्र माळ्यावरून उतरलेलं होतं. बायको विहिरीवर गेल्याचं बघून मी तीन चिरूट हळदीच्या पानावर मांडले आणि झाकण लावलं. थोड्या वेळाने उघडून बघतो तो तिन्ही चिरूट पानं पसरून निवांत झोपलेले, अळूच्या भाजीसारखे. त्या वर्षी आमच्या मोदकांना जो वास आला त्याचा उगम बायकोला सात वर्षांनी कळला, आणि तेव्हाही ती शांतपणे बोलली नाही.

पौर्णिमा झाली आणि पहिल्याच बोटीने दोघे एकदम आले. इसूबभाई मुंबईलाच उतरले होते आणि काकांनी त्यांना बरोबर घेतलं होतं. मी पेटी घेऊन ओटीवर गेलो. इसूबभाई मला वाटले होते तसे धिप्पाड नव्हते. अंगावर कोट लोंबत होता आणि दर चार शब्दांनी खोकला येत होता. मुंबईच्या डॉक्टराने तंबाखू कायमचा बंद केलेला. काकांनीच मला ते सांगितलं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं. इसूब ओढणार नाही, नुसता शेजारी बसेल. वास घेईल. तेवढ्यासाठी तो आधी साखरतरला न जाता इकडे आला होता.

मी काही बोलायच्या आत काकांनी पेटी घेतली, उघडली, एक चिरूट काढून कानाशी धरला. डोळे मिटले. मला तो कडकड आवाज चार हातांवरून ऐकू आला.

"कारकुना," ते डोळे न उघडता म्हणाले, "काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. ताटी, बांगडे, मोदकपात्र, हळदीचं पानसुद्धा. काका म्हणाले, फुंकरीने उडते ती पांढरी भुकटी तंबाखूच्याच अंगातली असते, तिला हात लावायचा नाही. हिरवी केसाळ ती बुरशी. हे तुला गेल्या वर्षी याच जागी सांगितलं होतं, तेव्हा तू धुराची वर्तुळं काढत होतास. आवाज चढला नाही. मला वाटलं, चढला असता तर बरं. पाच वर्षं त्यांनी राखलेली ती एक संध्याकाळ होती, तिचा मी बांगडा केला होता.

इसूबभाईंनी हात पुढे केला. चिरूट घेतला, नाकाखालून सावकाश फिरवला, पुन्हा फिरवला. खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला. पण ते हसत होते.

"सारंग, ह्याला बोलू नको," ते म्हणाले. "रंगूनच्या धक्क्यावर हाच चिरूट ओढत आपण घरच्या सुक्या बांगड्यासाठी झुरायचो. आता घरी बसून रंगूनसाठी झुरलो असतो. ह्याने दोन्ही एका पानात गुंडाळलंन."

काकांनी तो चिरूट पेटवला. भसाभस जळला, मध्येच फुटला, राख धोतरावर पडली. त्यांनी दुसरा पेटवला. इसूबभाई वाऱ्याच्या खालच्या अंगाला, धूर येईल तिकडे, सरकून बसले आणि मला मोदकपात्राची हकिकत पुन्हा सांगायला लावली. तिन्हीसांज होईपर्यंत मी ती तीनदा सांगितली, दर वेळी थोडी वाढवून.

त्या पौषात इसूबभाई साखरतरला वारले. पेटीत तेव्हा सहा चिरूट उरले होते. काकांनी त्यांना पुन्हा हात लावला नाही. पुढच्या उन्हाळ्यात उजवा डोळाही अधू झाला आणि मुलगी त्यांना कायमची न्यायला आली. मी पोचवायला धक्क्यावर गेलो. बोट लांब उभी होती, तिथवर नेणारा पडाव भरत होता. काकांनी माझा दंड चाचपला, चिरूट चाचपावा तसा, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्या दिवसाचा विषय काढला.

"पेटी चांगली असती ना, तर इसूब दोनदा हुंगून गप बसला असता. त्याला बोलायची चोरी. तुझ्या त्या मोदकपात्रापायी हसला. घरी आल्यापासून मी त्याला हसताना बघितला तो तेवढाच."

हे खरं, की माझ्या मनातली बोच काढायला म्हणालात, असं विचारायला मी तोंड उघडलं, तोवर पडाव दोन हात सरकला होता. काकांना माझा चेहरा दिसत नव्हता. ते धक्क्याच्या भलत्याच टोकाकडे बघून हात हलवत होते. मी म्हटलं, असो, संध्याकाळी विचारू. रोजच्या सवयीने बाजारातून वळलो, त्यांच्या घरापाशी आलो आणि ओटीची पायरी चढल्यावर दाराचं कुलूप दिसलं. घरी जावंसं वाटेना. तिथेच बसलो, आगबोटीचा धूर दिसेनासा होईपर्यंत.