अण्णांची नाचरी बोटं

बेंबळीच्या स्टँडवर मी एसटीत बसले, तेव्हा अण्णांनी खिडकीतून चहाचा कप पुढे केला. निम्मा चहा माझ्या सर्टिफिकेटांच्या फायलीवर सांडला. अण्णांची, माझ्या वडिलांची, बोटं आपोआप नाचायची, खांदा उडायचा. आई म्हणाली, "बघती काय? अंगात देवी हाय त्यांच्या. पाया पड अन् जा." मी खाली उतरून पाया पडले. सगळं गावच पडायचं. आजोबांचंही तसंच होतं, म्हणून आमच्या घराला मान होता आणि मला त्याचा तोरा.

आता जर्मनीतल्या लॅबमध्ये मी मेंदूच्या पेशी वाढवते. इथं पहिल्याच महिन्यात एका लेक्चरमध्ये पेशंटचा व्हिडिओ दाखवला. तीच बोटं, तोच खांदा. आजार आनुवंशिक, बरा न होणारा, बापाला असला तर प्रत्येक लेकराला व्हायची शक्यता निम्मी. मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. अण्णा तोवर गेले होते.

माझं काम मज्जापेशींवर नाही, त्यांच्या भोवतीच्या पेशींवर आहे. त्या मज्जापेशींना खाऊपिऊ घालतात, केरकचरा काढतात, घरातल्या बायांसारख्या. या आजारात त्याही बिघडतात आणि ज्यांना जपायचं त्यांच्याच जिवावर उठतात. मायक्रोस्कोपखाली त्या पाहताना मला आई दिसते. तिनं अण्णांना किती जपलं! घास भरवला, रोज हळदीकुंकू लावलं, पण दवाखान्याची पायरी चढू दिली नाही. "देवीला सुई टोचत्यात व्हय?" म्हणायची.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. धाकटा भाऊ संतोष पाटावर बसलेला, कपाळभर मळवट. त्याचा खांदा उडाला, अण्णांसारखाच. आई म्हणाली, "आली गं देवी! कळंबचे पाहुणे लई खूश. पोरीचा बाप ह्याच्या पाया पडला. पुढल्या महिन्यात लगीन." शेजारी ती मुलगी लाजून हसत होती.

मी माझी टेस्ट अजून केलेली नाही. भीती वाटते, दुसरं काय! पण तिकीट काढलंय. गाव सोडलेल्या प्रत्येकाला घर म्हणजे परत जायची जागा वाटते. मलाही वाटायची. आता तिथं जाऊन त्या मुलीला खरं सांगायचं आहे, आणि सांगितल्यावर आई मला उंबऱ्याच्या आत घेईल की नाही, ठाऊक नाही.

येतेय म्हणून सांगायला मी पुन्हा व्हिडिओ कॉल केला. आईनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"फोन लई हालतोय तुझा," ती म्हणाली. "तुझ्याबी अंगात आली व्हय गं?"

तिला फार आनंद झाला होता.