सांगणाऱ्याला कोणी ओरडणार नाही

दिंडोशीच्या एका मराठी शाळेत मी तिसरी-चौथीला कॉम्प्युटर शिकवते. लॅबमधली निम्मी मशीन बंद, उरलेल्यांसमोर एकेका खुर्चीत दोन-दोन पोरं. पासवर्ड कोणाला सांगायचा नाही असं शिकवलं की एखादा लगेच उभा राहून आपला पासवर्ड मोठ्याने म्हणून दाखवतो आणि विचारतो, "बाई, हाच ना सांगायचा नाही?" अशा वर्गाला ऑनलाइन सुरक्षितता शिकवणं म्हणजे डोक्याला ताप. तरी मी मन लावून शिकवायचे. एक वाक्य फळ्यावर कायम असायचं: सांगणाऱ्याला कोणी ओरडणार नाही. ते मी सगळ्यांकडून एका सुरात म्हणून घ्यायचे. माझा स्वतःचाही त्यावर विश्वास होता, हे आठवलं की आज माझीच मला चीड येते.

एकदा मधल्या सुट्टीत चौथीतली एक मुलगी मागे थांबली. फोनवरच्या एका गेममध्ये तिची कुठल्याशा "ताई"शी ओळख झाली होती. मग ती ताई आईच्या फोनवर मेसेज करू लागली. ताईने युनिफॉर्ममधला फोटो मागितला, हिने पाठवला. आता ताई म्हणत होती, अजून पाठव, आणि आईला कळू देऊ नकोस.

"म्हणून मी तुम्हाला सांगायला आले," ती म्हणाली. पेपरात उत्तर बरोबर आल्यासारखा तिचा चेहरा खुलला होता. मी तिला शाबासकी दिली, अगदी मनापासून.

मुख्याध्यापिका रजेवर होत्या, मुलीची आई फोन उचलत नव्हती आणि माझा पुढचा तास सुरू व्हायचा होता. मग इतकी वर्षं जे करत आले तेच मी केलं. तिची डायरी मागितली आणि लिहिलं, "फोनसंदर्भात बोलायचे आहे. पालकांनी त्वरित भेटावे." टेबलावर लाल पेन होतं, त्यानेच लिहिलं. आमच्याकडे डायरीत लाल शेरा कशासाठी येतो ते पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. गृहपाठ केला नाही, मारामारी केली, कोणाची वस्तू उचलली. आणि त्याखाली वडिलांची सही आणायची असते. ती डायरी मी तिच्याच हातात दिली. तिने शेरा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. "घाबरू नकोस, जा," मी म्हटलं आणि हजेरी घ्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी वडील तिला घेऊन आले. कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारा साधा, हळू बोलणारा माणूस. मुलीच्या गालावर वळ होते. घरात तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. लाल शेरा दिसला, त्यात फोनचा विषय, आणि हात उठला होता. मी सगळं सांगितल्यावर ते खुर्चीत बसून रडले.

"मला वाटलं, हिनेच काहीतरी केलं. तुम्ही तसं लिहिलं होतं ना, बाई."

पोलिसांत तक्रार करू, असं मी म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. "नको. दिवसभर लोकांच्या केसचे कागद काढतो मी. एकदा पोरीचं नाव त्यात गेलं की वाट लागली. नंबर ब्लॉक केलाय." रजेवरून आलेल्या मुख्याध्यापिकाही म्हणाल्या, मिटलंय ना, मग कशाला वाढवता? मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आई मुलीला घेऊन लॅबमध्ये आली. आदल्या दिवशी आईला स्वतःच्या फोनवर अनोळखी नंबरवरून एक ओळ दिसली होती: "आजचा फोटो कुठे आहे?" ती उघडून बघेपर्यंत मुलीने फोन ओढून घेतला आणि सगळं पुसून टाकलं. डिलीट कसं करायचं, ते मीच शिकवलं होतं.

मी आईला बाहेर थांबवलं आणि मुलीशेजारी बसले. "किती दिवस चाललंय, बाळा? काय काय पाठवलंस? मला सांग. मी आहे ना."

ती कीबोर्डवरची धूळ बोटाने काढत राहिली. मग म्हणाली, "आधी तुम्ही सांगा, बाई. तुम्ही कोणाकोणाला सांगणार?"

कोणालाच नाही, असं म्हणावंसं वाटलं. पण या पोरीशी एकदा खोटं बोलून झालं होतं.

"तुझ्या आईला," मी म्हटलं. "मोठ्या बाईंना. पोलिसांना."

"आणि पप्पांना?"

"हो. पप्पांनाही सांगावं लागेल."

तिने समजल्यासारखी मान हलवली, उठली आणि दप्तर खांद्याला लावलं.

"काही नाही, बाई," ती म्हणाली. "राँग नंबर होता."