पिवळी बाटली

सरवदे सिस्टर सलाईनची बाटली लावण्याआधी ती हातात फिरवून लेबल मोठ्यानं वाचायच्या. रोज, प्रत्येक बाटलीचं. निघोज्याच्या त्या दहा खाटांच्या दवाखान्यात मी काउंटर आणि औषधं सांभाळायचो. मला आधी वाटायचं, बाईंना मिरवायची हौस आहे.

आसपासच्या कंपन्यांतली माणसं अंग मोडून आलं की शिफ्टच्या आधी येत आणि फर्मावत, "पिवळी लावा." पिवळी म्हणजे ग्लुकोजच्या बाटलीत व्हिटॅमिनचं इंजेक्शन, रंग तेवढा त्याचा. डॉक्टर म्हणायचे, "पांढरी लावली तर लोकांना काही लावल्यासारखंच वाटत नाही." सकाळीच पाच-सहा बाटल्या रंगवून ठेवायचं काम माझं. आठवलं की आजही शिसारी येते.

सिस्टर लातूरकडच्या. फळीवरच्या बाटल्यांकडे बोट दाखवून मला सुनावायच्या, "ही नॉर्मल सलाईन, मिठाचं पाणी. ही रिंगर, हिच्यात मिठाबरोबर पोटॅशियम, कॅल्शियमबी हाय. जुलाबानं सुकलेल्याला ही चालती. अन् तुझी पिवळी म्हंजी साखरपाणी. सगळ्यांला एकच पाजायला ही काय पाणपोई हाय का?"

एका सकाळी फाउंड्रीतला एक कामगार उलट्या करत आला. सिस्टर आत ड्रेसिंग करत होत्या. डॉक्टर केबिनमधूनच ओरडले, "पिवळी लाव रे!" सुई टोचायला मी बघून बघून शिकलो होतो. लावली. सिस्टर बाहेर आल्या, त्याच्या बायकोशी बोलल्या. "चार दिवस झाले, नुसतं पाणी पाणी करतात, पण तहानच भागत नाही," ती म्हणाली. सिस्टरनी लगेच त्याचं बोट टोचून साखर तपासली. मशीनच्या मापात बसेना इतकी वाढलेली. त्यांनी पिवळी बंद केली, नॉर्मल सलाईन लावली आणि ॲम्ब्युलन्समधून त्याला स्वतः पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात पोचवलं. माणूस वाचला.

दोन दिवसांनी त्याचा भाऊ, साखर वाढलेल्याला ग्लुकोज का लावलं, असा जाब विचारायला आला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सिस्टरनी चुकीची बाटली लावली. आजपासून त्या इथं नाहीत." मग माझ्याकडे वळले. "त्यांनीच लावली ना रे?"

सिस्टर समोर उभ्या होत्या. मी मान डोलावली.

सिस्टरनी डब्याची पिशवी उचलली आणि काउंटरपाशी थांबल्या. "भाऊ, लेबल वाचत जा. डॉक्टरच्या तोंडाकडं बघून बाटली लावू नको."

पुढं कितीतरी दिवस मी त्या डॉक्टरच्या नावानं थुंकत राहिलो. ते सोपं होतं. खरी किळस त्याच दिवसाची येते. सिस्टर गेटबाहेर पडल्या आणि दहा मिनिटांत सेकंड शिफ्टचा एकजण खाटेवर येऊन आडवा झाला. "पिवळी लावा राव, लवकर."

मी बाटली हातात फिरवली. लेबल वाचलं. आणि लावली.