शिक्षण : घरच्या खर्चाने

"हे काय लिहिलंयस तू?"

मीटिंग रूममध्ये सातजण होतो. नोव्हेनाच्या हॉस्पिटलामागची आमची बिल्डिंग, नववा मजला. पडद्यावर माझा सीव्ही. सरांच्या लेझरचा लाल ठिपका एका ओळीवर थांबलेला.

"सर, फॉर्ममध्ये स्कॉलरशिपचं पूर्ण नाव मागितलंय या वेळी."

सर हसले. सर म्हणजे आमच्या लॅबचे प्रमुख. पुण्याचे. सिंगापुरात वीस वर्षं काढली तरी मराठी अजून पेठेतलीच, स्वच्छ. हसत हसतच, घरातलं काही सांगावं तसं, ते मराठीत बोलले.

"अगं, आपलं तिकडचं उष्टं-खरकटं इथं कशाला मांडायचं? रिव्ह्यूअरमध्ये दोन-तीन आपले लोक असतात. एक ओळ वाचली की त्यांना कळतं, ही कुठून आलीय. मग सगळं प्रपोजलच कोट्यातलं वाटायला लागतं. काढ ते."

ओळ होती माझ्या पीएचडीच्या शिष्यवृत्तीची. भारत सरकारची. अनुसूचित जातीच्या मुलांना परदेशात शिकायला मिळते ती.

बाकी पाचजणांत एकालाही मराठी येत नाही. शेजारी वेई लिंग बसली होती, आमची टेक्निशियन. तिनं कोपरानं ढोसून हळूच विचारलं, "व्हॉट डिड प्रॉफ से?"

"फॉरमॅटिंग," मी म्हटलं. "फॉरमॅटिंग ओन्ली."

म्हणजे शिवी मला, आणि ती झाकायची पण मीच. क्षणाचाही वेळ लागला नाही मला. कान तापले होते. वहीत मी लिहून घेतलं, ओळ काढणे. लाल ठिपका पुढं सरकला.

मी भित्री आहे. आधीच सांगून ठेवते, उगाच कोणाला वाघीणबिघीण वाटायला नको. पाच वर्षं झाली या देशात येऊन, पाचही वर्षं मी घाबरूनच काढली. आमचं काम ग्रँटवर चालतं. इथलं सरकार संशोधनाला तीन-चार वर्षांचे पैसे देतं. ते संपले की माझा करार संपतो. करार संपला की इथं राहायचा पास संपतो. त्याच पासवर माझा नवरा मिलिंद इथं आहे, आमची सहा वर्षांची मुलगी मैत्री इथं आहे. पास गेला की महिनाभरात तिघांनी गाशा गुंडाळायचा. जुनी ग्रँट संपायला पाच महिने उरले होते. नवीन अर्ज शुक्रवारी पाचच्या आत जायला हवा होता. अर्जातली कल्पना माझी होती. मधुमेहाच्या पेशंटची किडनी बिघडायच्या आधी, नुसत्या लघवीच्या तपासणीत ते ओळखायचं. तीन वर्षं मी त्याच्यामागं होते. पण माझ्यासारख्या करारावरच्या माणसाला प्रमुख होता येत नाही. प्रमुख सर.

ही एक भीती. दुसरी जुनी.

दरवर्षी सर लॅबला दिवाळीच्या फराळाला घरी बोलवायचे. पहिल्याच वर्षी सरांच्या बायकोनं, काकूंनी, ताटली हातात देता देता विचारलं, "मूळ गाव कुठलं गं?"

"परभणीकडचं."

"हो का! आणि हे आडनाव... म्हणजे तुम्ही नक्की कोण?"

"मी अजून एक चकली घेते, काकू," मी म्हटलं.

सगळे हसले. मी पण हसले. माझं आडनाव त्यांच्यात आणि आमच्यात, दोन्हीकडं चालणारं. त्याच्यामागं मी पाच वर्षं लपून बसले. एमआरटीत, इथल्या मेट्रोत, आईचा फोन आला तर आमचा दोन शब्दांचा नमस्कार मी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. डब्यात कुणी मराठी असलं तर? आई तिकडून ओरडायची, "ऐकू येईना गं!" मी म्हणायची, रेंज नाही.

मग या वेळी पूर्ण नाव का लिहिलं? शौर्य म्हणून नाही. फॉर्मखाली छापलेलं होतं, वरील माहिती खरी आणि पूर्ण आहे असं मी जाहीर करते. सरकारी कागदावर खोटं लिहायची मला त्याहून जास्त भीती वाटते. लहानपणापासूनची आहे ती. जातीच्या दाखल्यासाठी तहसिलीत आईच्या पदराला धरून किती उन्हाळे उभी राहिले असेन.

आणि खरं सांगते, सरांनी सांगितल्यावर मी ती ओळ काढली. निमूटपणे. गिळायची सवय होती, हेही गिळलं असतं.

पण बुधवारी पूर्ण अर्ज मेलवर आला. आमच्यात पद्धत अशी आहे. अर्जात ज्यांची नावं आहेत त्या प्रत्येकानं सरकारच्या पोर्टलवर आपापल्या लॉगिननं जायचं, आपला भाग वाचायचा आणि मान्य म्हणून बटण दाबायचं. सगळ्यांची बटणं दाबून झाली की आमचं रिसर्च ऑफिस अर्ज पुढं सरकारला पाठवतं. एक जरी राहिलं तरी अर्ज हलत नाही.

सकाळी कामाला निघताना क्लेमेंटीला, आमच्या स्टेशनवर, गाडीत बसले आणि फोनवर तो अर्ज उघडला. माझा भाग काढला. ओळ काढल्यामुळं चार वर्षांचं भगदाड पडलं होतं. सरांनी ते बुजवलं होतं. पीएचडी, इंग्लंड. स्वखर्चाने, कुटुंबाच्या मदतीने.

मी परत वाचलं. कुटुंबाच्या मदतीने.

माझी आई ग्रामीण रुग्णालयात सफाई कामगार होती. शाळा सुटली की मी तिथंच, लॅबच्या पायरीवर बसायची. आतला माणूस चांगल्या मनाचा नव्हता. "काचेला हात नाही लावायचा. विटाळ करून ठेवशील," म्हणायचा. त्याच्याच हातून रक्ताची बाटली फुटली की आईला हाक यायची. ती फडकं घेऊन गुडघ्यावर बसून पुसायची, हातमोजे नसायचेच. शिष्यवृत्तीचं पत्र आलं तेव्हा तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते लॅमिनेट करून आणलं आणि भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोखाली लावलं.

सिटी हॉलला गाडी बदलायची असते. स्टेशन कधी मागं गेलं कळलंच नाही. पुढच्या स्टेशनला उतरले, बाकावर बसले आणि आईला फोन लावला. तिकडं पहाट नुकती सरलेली. सगळं सांगितलं. मला वाटलं, आई पेटून उठेल.

"नोकरी जाईल का त्याच्यानं?" तिनं विचारलं.

"जाऊ शकते."

"मग दे काढून ती ओळ. वळीनं पोट भरतं व्हय? लेकराचं बघ आधी."

मला रडूच आलं. जन्मभर तिनं हेच केलं होतं आणि मला तेच शिकवलं होतं. मी चिडून म्हटलं, "ओळ तर काढलीच गं. आता लिहिलंय की मी घरच्या पैशांनी शिकले."

"कोणच्या घरच्या?"

"आपल्या."

ती हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, तरी थांबेना. "आपल्या घरच्या? अगं माय! त्या सायबाला म्हणावं, ये एकदा, बघून जा घर! पत्रा मोज म्हणावं!" आणि मग एकदम हसू ओसरलं. म्हणाली, "मी काय दिलं गं तुला? काहीच नव्हतं माझ्याकडं द्यायला. ज्यानं दिलं त्याचंच नाव खोडलं का त्यांनी?"

समोरून तीन गाड्या गेल्या.

संध्याकाळी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांत जेवताना, मिलिंदला सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो वाईट माणूस नाही. पुण्यातली नोकरी सोडून तो माझ्यामागं आला, दोन वर्षं इथं अर्ज करतोय.

"एक बटण आहे गं," तो म्हणाला. "दाब आणि मोकळी हो. पुढच्या वेळी बघू की."

"आपल्यात पुढची वेळ कुणाला आली रे आजवर?"

"मैत्रीची शाळा जानेवारीत सुरू होतेय," तो म्हणाला. एवढंच.

मैत्री नूडल्स ओढत होती. "मम्मा नॉट ईटिंग, लाह," तिनं इथल्या पोरांच्या इंग्रजीत तक्रार केली. मी दोन घास खाल्ले. भीतीनं चव लागत नव्हती.

शुक्रवार. दुपारी साडेतीनला रिसर्च ऑफिसच्या मिस गोहचा फोन. "सिक्स डन. ओन्ली यू नॉट डन."

पाचच मिनिटांत सर टेबलाशी आले.

"अगं, बटण दाबायचं राहिलं का?"

"सर, त्यात खोटं आहे. मी स्वखर्चानं नाही शिकले."

सर टेबलाच्या कडेवर टेकले. चेहऱ्यावरचं हसू तसंच. आवाज खाली. मराठी.

"हे बघ. तुला या लॅबमध्ये मी घेतलं. तुमच्या लोकांना कोण घेतं इथं? खाल्ल्या मिठाला जाग जरा. पाचच्या आत बटण दाब, नाहीतर बॅग भरायला घे."

लघवीला लागल्यासारखं झालं, खरंच. हात मांडीखाली दाबून धरले. ज्या भाषेत आईनं मला झोपवलं त्याच भाषेत हा माणूस हे बोलत होता, आणि बोलू शकत होता कारण खोलीत ती दुसऱ्या कुणाला कळत नव्हती.

वेई लिंगनं मान वर केली. "ओके ऑर नॉट? फॉरमॅटिंग अगेन?"

साधं विचारलं तिनं, पण तो शब्द मीच तिला दिला होता.

"नो," मी म्हटलं. "नॉट फॉरमॅटिंग."

उभी राहिले. टेबलाला धरलं. आणि सर आत्ता जे मराठीत बोलले ते सगळं इंग्रजीत सांगितलं. मोठ्यानं. त्यांनी विचारलं की तुमच्या लोकांना कोण घेतं. माझे लोक म्हणजे माझी जात. आमच्याकडं तिला सगळ्यात खालची म्हणतात. त्या दिवशी मीटिंगमध्ये हे माझ्या शिष्यवृत्तीला उष्टं म्हणाले. उष्टं म्हणजे दुसऱ्यांनी खाऊन उरलेलं अन्न. आता हे मला एका खोट्यावर मान्य म्हणायला सांगतायत, नाहीतर बॅग भर म्हणतायत. माझी इंग्रजी मध्येच फुटली, व्याकरण गेलं कुठल्या कुठं. पण सगळं सांगून झालं.

कोपऱ्यातल्या दोघांनी हेडफोन काढले.

"शी इज अंडर स्ट्रेस," सर म्हणाले. "इट्स अ कल्चरल मिसअंडरस्टँडिंग."

"नो सर," मी म्हटलं. "आय अंडरस्टुड." आणि बसले, कारण उभं राहवेना.

मग मिस गोहला फोन लावला. माझा भाग मला दुरुस्तीला परत हवा म्हटलं. "कॅन," म्हणजे होईल, ती म्हणाली. "बट प्रॉफ मस्ट अप्रूव्ह अगेन. फाइव्ह ओ'क्लॉक सिस्टीम क्लोज."

स्वखर्चाने खोडलं. शिष्यवृत्तीचं पूर्ण नाव टाइप केलं. तीनदा चुकलं. अनुसूचित जाती हे शब्द या देशात मी याच अर्जात पहिल्यांदा पूर्ण लिहिले होते, मग काढले होते, आता पुन्हा लिहिले. चार वाजून दहा मिनिटांनी बटण दाबलं.

आता फक्त सरांचं उरलं. त्यांच्या केबिनचं दार बंद.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. पण इथं नाक माझंही दाबलेलंच होतं. अर्ज गेला नाही तर पगार एकट्या माझाच जाणार नव्हता. वेई लिंगचाही त्यातूनच यायचा, तिच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं. हे मला तोवर सुचलंच नव्हतं. माझ्या एका ओळीपायी मी हिच्या पोटावर पाय देते की काय? मी तिला तसं म्हटलं. तिनं खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. "यू प्रेस ऑलरेडी," ती म्हणाली. "नाऊ ही प्रेस. वेट, लाह."

आम्ही दोघी पोर्टलकडं बघत बसलो. चार बावन्नला सरांच्या नावापुढं हिरवी खूण आली. त्यांना काही पश्चात्ताप झाला नव्हता. त्यांना ग्रँट हवी होती.

अर्ज गेला. पेढे कुणी वाटले नाहीत. सोमवारी मेल आला, माझ्या कराराचा फेरविचार होणार आहे. मंगळवारी साप्ताहिक मीटिंगच्या यादीत माझं नाव नव्हतं. सॅम्पलच्या फ्रीजरची किल्ली दुसऱ्याकडं द्यायला सांगितली. तीन वर्षांचे नमुने माझ्या हातांनी भरलेले, आता ते बघायला मला परवानगी मागावी लागते. ग्रँट मिळाली तरी त्यात मी असेन की नाही, कुणी सांगत नाही. मराठी मंडळींच्या ग्रुपवरच्या दोघींनी मला मेसेज करणं बंद केलं. मिलिंद दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता म्हणाला, "सगळं लिहून काढ. शब्द न् शब्द. मी वाचून बघतो."

लिहून काढलं. त्यांची वाक्यं जशीच्या तशी मराठीत, खाली इंग्रजीत. वेई लिंगनं साक्षीदार म्हणून सही केली. मी मागितली नव्हती.

काल ते घेऊन एचआरमध्ये गेले. जाताना लिफ्टमध्ये वाटलं, परत फिरावं. अजून वेळ आहे, माफी मागावी, करार वाचेल. मैत्रीच्या शाळेचा नवा गणवेश कपाटात आहे. लिफ्टचं दार उघडलं, मी बाहेर पडले. तेवढंच जमलं.

समोरच्या बाई नम्र होत्या. सगळे कागद वाचले त्यांनी. मग पेन हातात धरून म्हणाल्या, अशा तक्रारीत नाव गुप्त ठेवता येतं, तुमच्या सोयीसाठी. चौकशीत जातीचा उल्लेखही टाळता येईल, पर्सनल बाब म्हणून लिहू. तेच बरं नाही का?

घाम फुटला होता मला. इथून बाहेर पडल्यावर या देशात मी किती दिवस असेन, मला माहीत नव्हतं. आजही नाही.

"नाही," मी म्हटलं. "नाव लिहा. जात पण लिहा. तुम्हाला लिहिता येणार नाही, मी सांगते एकेक अक्षर."

आवाज कापत होता. कापू दे. बाईंनी पेन टेकवलं आणि मी सांगायला लागले. यातला एकही शब्द मी मागं घेणार नाही. इथं राहिले तरी, आणि इथून काढलं तरी.